पळत्याचे फोटो: मुंबईतल्या मॅरेथॉन, सायकल आणि सागरी पोहण्याच्या छायाचित्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी डिसेंबर उजाडला, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली, की फोनवर फोटोंबद्दल तेच ते प्रश्न सुरू होतात. कुणाची बायको पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन (एकवीस किलोमीटर) धावणार असते, कुणी नवा कॅमेरा घेतलेला असतो, कुणाला सी लिंकवर उभं राहायचं असतं. गेली बारा-तेरा वर्षं मी दादरहून पहाटे तीनला उठून या शर्यतींच्या मागे हिंडतोय. गुरुजी होण्याइतका मोठा झालेलो नाही, पण चुका भरपूर करून झाल्यात. एकेकाला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवलंय.

मॅरेथॉनचे फोटो अधिकृत कंपनी काढतेच. मग आपण वेगळं काय काढायचं?

कंपनीचा फोटोग्राफर प्रत्येकाचा फोटो काढतो. समोरून, छातीवरचा बिब नंबर दिसेल असा. नंबर टाकला की आपला फोटो सापडतो, प्रोफाइलला लागतो, काम झालं. त्यांचं काम त्यांना नीट येतं, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही.

पण ४२.१९५ किलोमीटर म्हणजे चार, पाच, कधी साडेसहा तासांची गोष्ट. काळ्या टी-शर्टवर घाम वाळून उमटलेले मिठाचे पांढरे नकाशे, पाण्याच्या स्टॉलपाशी बुटांखाली चिरडलेले कप, चाळीच्या दारातून स्टीलचा तांब्या पुढे करणारा हात, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून चालणारा पेसर (ठरलेल्या वेगाने धावून इतरांना लय देणारा). यातलं काहीही नंबर टाकून सापडत नाही. ते कुणीतरी तिथे उभं राहून बघावं लागतं. माझ्या दृष्टीने 'क्रिएटिव्ह' एवढंच. रंगीत फिल्टर लावणं म्हणजे क्रिएटिव्ह असं तुम्हाला वाटत असेल तर हे पान इथेच मिटलंत तरी चालेल.

मुंबई मॅरेथॉनला नेमकं उभं कुठे राहायचं?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारे फार थोडे. बाकीचे आधी लेन्स विचारतात.

फिनिश लाइन सोडून द्या. तिथे पास लागतो, बॅरिकेड असतात, शिवाय एक गंमत आहे: रेषा ओलांडताना अर्ध्याहून जास्त लोक मान खाली घालून मनगटावरचं घड्याळ बंद करत असतात. तुम्हाला मिळतात टोप्या.

पहाटेची जागा म्हणजे सीएसएमटी. फुल मॅरेथॉन तिथून सुटते. वास्तुविशारद स्टीव्हन्सने बांधलेली ती इमारत १८८८ सालची, आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली २००४ मध्ये. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेही त्याच वर्षी. पहाटे इमारतीवर दिवे असतात, खाली हजारो डोकी. २४ मिलिमीटरची रुंद लेन्स लावून गुडघ्यावर बसा. माणसं काळ्या आकृत्या झाली तर होऊ द्या, उजेड इमारतीसाठी मोजा.

दुसरी जागा पेडर रोड. पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, पण धावणाऱ्यांच्या तोंडी पेडर रोडच, आणि तोही जरा घाबरत. एरवी टॅक्सीतून जाताना तो चढ आहे हे लक्षातही येत नाही. तिसाहून जास्त किलोमीटर पायाखाली घालून परतीच्या वाटेवर आलेल्या माणसाला मात्र तो घाट वाटतो. इथे लोक धावायचं थांबतात, चालतात, स्वतःशी बोलतात. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांमधले लोक खाली उतरलेले असतात. संत्र्याच्या फोडी, मीठ-साखर, बिस्किटं, वेदना कमी करणारे स्प्रे. मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी दरवर्षी हीच निवडेन.

तिसरी, शेवटचा मरीन ड्राइव्ह. नऊनंतर इथे ऊन चांगलंच चढतं आणि शहराकडे परतणाऱ्यांच्या थेट तोंडावर येतं. चेहऱ्यावरची एकेक रेष दिसते. २०० मिलिमीटरने लांबून काढलं की रस्त्याचं वळण, इमारती आणि माणसं एकमेकांवर रचल्यासारखी येतात.

यातली एक जागा निवडा. तिन्ही गाठायच्या नादात रस्ते बंद, टॅक्सी नाही, पाठीवर आठ किलोची बॅग, आणि शेवटी हातचं सोडून पळत्यापाठी अशी गत होते. मार्ग वर्षावर्षाला थोडा बदलतो, तेव्हा आयोजकांचा त्या वर्षीचा नकाशा आधी बघा, आणि आदल्या रविवारी त्याच वेळेला त्या जागी जाऊन उभे राहा. झाडाची सावली कुठे पडते, बसस्टॉप कुठे मध्ये येतो, सगळं तेव्हाच कळतं.

सी लिंकवरून काढता येतील का?

नाही. एरवीही त्या पुलावर थांबायला आणि चालायला बंदी आहे, आणि शर्यतीच्या दिवशी फक्त धावणारे व अधिकृत गाड्या. फार हौस असेल तर वांद्र्याच्या किल्ल्यावर जा. जानेवारीत सूर्य आग्नेयेकडे सरकलेला असतो, म्हणजे तिथून बघताना साधारण पुलाच्या मागून वर येतो. केबल आणि सूर्य यांचा फोटो होईल. धावणारे त्यात मुंगीएवढे असले तर असले.

पहाटे पाचच्या अंधारात फोटो धूसर येतात. काय करू?

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. फुल मॅरेथॉन अलीकडच्या वर्षांत पाचच्या आसपास सुटते. म्हणजे पाच तासांत संपवणारा धावपटू सूर्य उगवेपर्यंत एकोणीसेक किलोमीटर अंधारातच धावलेला असतो. हे गणित आधी पचवा.

मग दोन मार्ग. पहिला, अंधाराशी भांडायचं: एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, ८५ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत बिनधास्त, शटर निदान १/५०० सेकंद. दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार पण धारदार फोटो मी कधीही घेईन, गुळगुळीत पण हललेला घेणार नाही.

दुसरा, अंधाराला कामाला लावायचं. शटर १/१५ किंवा त्याहून मंद, कॅमेरा स्थिर, आणि एखादा थांबलेला माणूस फ्रेममध्ये धरायचा: शिट्टी तोंडात असलेला हवालदार, कप धरून उभी असलेली कॉलेजची मुलगी. तो माणूस स्पष्ट, आणि त्याच्या भोवती धावणाऱ्यांची नदी. हवालदार बऱ्याचदा दगडासारखे स्थिर उभे राहतात, ट्रायपॉडला लाजवतील असे.

एक तांत्रिक खोच सांगतो, कारण यात मी दोन वर्षं डोकं आपटलंय. रस्त्यावरचे काही एलईडी दिवे डोळ्यांना अखंड वाटतात, पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ते सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० वर सलग फोटो काढले की एक उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यावर आडवे पट्टे. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नसेल तर १/१०० वर या, आणि तेवढ्या शटरला शोभेल असा विषय शोधा.

फ्लॅश? तोंडावर मारू नका. अंधारातून धावत येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि खाली खड्डा असू शकतो.

कोणता कॅमेरा घेऊ?

आहे तो. पैसे असतीलच तर लेन्सवर घाला. जुनी ७०-२०० एफ २.८ लॅमिंग्टन रोडला आणि फोर्टात वापरलेली मिळते. घेण्याआधी मागून टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा. मुंबईतल्या लेन्सचा तो स्थायी रोग.

मोबाइलवर जमेल?

जमेल, पण लांबचं ओढून आणायला जाऊ नका. मोबाइल ही जवळच्या माणसाची गोष्ट सांगायची वस्तू. बुटांच्या नाड्या बांधणारे हात, बिबला टाचणी लावताना तोंडात धरलेल्या तीन टाचण्या, शर्यतीनंतर आझाद मैदानाच्या धुळीत आडवं पडून आकाशाकडे बघणारं माणूस. आणि हो, कॅमेऱ्याची काच सदऱ्याने पुसा. निम्म्या मोबाइल-फोटोंमधलं 'धुकं' बोटांच्या तेलाचं असतं.

धावणाऱ्यांचे पाय फोटोत विचित्र का दिसतात? जणू लंगडतायत.

कारण पाऊल जमिनीवर आदळलेला क्षण तुम्ही पकडला. त्या वेळी गुडघा वाकलेला, पोटरी थरथरलेली, गाल खाली ओघळलेले असतात. छान दिसतो तो क्षण दोन्ही पाय हवेत असतानाचा. माणूस मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन वेळा तो हवेत असतो, पण एका वेळी सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, हा वाद १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून मिटवला. आपल्याला तेवढा खटाटोप नको, सलग आठ-दहा फोटोंचा बर्स्ट पुरतो. किंवा त्या माणसाची लय मनात मोजा, एक-दोन, एक-दोन, आणि 'दोन'च्या किंचित आधी दाबा. लेझीम खेळलेल्यांना हे पटकन जमतं, असा माझा अनुभव आहे.

पस्तीस किलोमीटरनंतर मात्र हे विसरा. तिथे बहुतेकांचे पाय जमीन सोडतच नाहीत. ते घसटणारे पाय हाच तिथला फोटो. रस्त्याला टेकून, बुटाच्या उंचीवरून काढा.

पॅनिंग (धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं) जमत नाही. मागचं पुसट होतं, पण माणूसही पुसट होतो.

सगळ्यांचंच होतं. शंभरात पाच आले तर मी खूश असतो.

यात थोडं गणित कामाला येतं. ताशी १० किलोमीटरने धावणारा १/३० सेकंदात फक्त नऊ-साडेनऊ सेंटिमीटर सरकतो. एवढ्यात मागची भिंत फारशी ओढली जात नाही. तोच सायकलस्वार ताशी ३६ ने गेला तर ३३ सेंटिमीटर. म्हणून सायकलला १/३० किंवा १/६० पुरतं, धावणाऱ्याला १/१५ पर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे हात हलतो. शिवाय धावणारा वर-खालीही होतो, सायकलस्वार होत नाही. तेव्हा आधी सायकलींवर हात बसवा. पाय खांद्याएवढे फाकवून रोवायचे, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कंबरेतून फिरायचं, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. पार्श्वभूमी रंगीत हवी. करड्या भिंतीपुढे पॅनिंग म्हणजे वरणभातावर पाणी. बेस्टची लाल बस उभी असेल तिच्यासमोर करून बघा.

एलिट, म्हणजे सगळ्यात पुढच्या व्यावसायिक धावपटूंचे फोटो कसे मिळवायचे?

ते सूर्योदयाच्या सुमारास सुटतात, त्यामुळे उजेडाची चिंता नाही. वेळेची आहे. मुंबईचा मार्गावरचा विक्रम २०२३ मध्ये इथिओपियाच्या हेले लेमीने केला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, सलग दोन तास. तुमच्यासमोरचा वीस मीटरचा पट्टा असा माणूस चार सेकंदांच्या आत पार करतो. पुढे घड्याळाची गाडी आणि टीव्हीच्या मोटारसायकली असतात, त्या दिसल्या की श्वास धरा. या धावपटूंचे चेहरे बहुतेक वेळा कोरे असतात. मला सावल्या जास्त आवडतात. कोवळ्या उन्हात पाच जणांच्या लांब सावल्या, वरून.

भारतीय महिलांकडे लक्ष ठेवा. माणदेशची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं इथे भारतीय महिलांत पहिली आली आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. तेव्हाचे मी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. सगळे हललेले. तेव्हा मीही नवा होतो.

थकलेल्या, रडणाऱ्या, कोसळलेल्या माणसाचा फोटो काढावा का?

या प्रश्नाला माझ्याकडे नियम नाही, एक प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी पेडर रोडच्या चढावर एक गृहस्थ दुभाजकावर बसले होते. पन्नाशी उलटलेली. पोटरीत गोळा आलेला, डावा बूट काढलेला, मोजाही, आणि अंगठ्याचं नख काळंनिळं. समोरच्या इमारतीतून एक आजी आल्या, गाऊनवर टॉवेल घेतलेला, हातात स्टीलचा डबा. डब्यात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, वर मीठ भुरभुरलेलं. त्यांनी एक फोड गृहस्थांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली नाही. नुसतीच बघत बसले, आणि डोळे भरून आले. मी तीन मीटरवर, ८५ ची लेन्स, उजेड बाजूने अगदी मऊ. कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांनी वर बघितलं. मी कॅमेरा खाली घेतला.

तेव्हा तेच म्हणाले, "काढा हो. फक्त नंबर दिसू देऊ नका. घरी सांगून आलोय की पाय पूर्ण बरा झालाय."

तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्यात चेहरा नाही. एक हात, त्यात फोड, खाली सुटलेल्या नाड्या, आणि डब्याच्या झाकणात उलटं पडलेलं आकाश. पुढे दहा मिनिटांनी ते उठून चालू लागले. आजींनी डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

एवढंच सांगेन: बेशुद्ध पडलेल्या माणसाचा फोटो काढू नका. कॅमेरा गळ्यात सोडा, वैद्यकीय मदतीला हाक मारा, गर्दी हटवा. शुद्धीवर असलेल्याला डोळ्यांनी विचारा. उत्तर लगेच मिळतं.

बाबा पहिल्यांदा हाफ धावणार आहेत. त्यांचा फोटो चुकू नये म्हणून काय करू?

चुकतो. घरच्यांचाच चुकतो, कारण आपण हात हलवायला लागतो.

चार गोष्टी आदल्या रात्री ठरवा. एक, ते रस्त्याच्या कुठल्या बाजूने धावणार: तुमच्या बाजूने. दोन, टोपी किंवा टी-शर्टचा रंग. शर्यतीत वाटलेला टी-शर्ट नको, तो इतर हजारोंनी घातलेला असतो. तीन, वेग. किलोमीटरला आठ मिनिटं धरलीत तर पंधराव्या किलोमीटरला ते दोन तासांनी येणार, पण मोजायचं ते त्यांनी स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून. मागच्या गटात असतील तर तिथेच वीस-पंचवीस मिनिटं जातात. चार, तुमची खूण: मोठा पिवळा रुमाल, गणपतीतला झेंडा, काहीही. त्यांना तुम्ही दिसणं जास्त महत्त्वाचं. ते तुम्हाला पाहून हसले की तो फोटो, मग फोकस जरा चुकला तरी घरात कुणाची तक्रार नसते.

लोकलचं बघून ठेवा. शर्यतीच्या पहाटे बहुतेक वर्षी जादा गाड्या सोडतात, पण रविवार आहे, परतताना मेगाब्लॉक असू शकतो.

सायकलवाल्यांच्या ब्रेव्हेचे फोटो कसे काढू? ते तर कुठेच दिसत नाहीत.

ब्रेव्हे, म्हणजेच बीआरएम, ही ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायची सायकलफेरी; ही शर्यतच नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. वेळेत पोचलात की झालं, पहिला-दुसरा नंबर नाही. माणसं विखुरलेली, हायवेवर रात्री एकटीच. त्यांना रस्त्यावर गाठू नका, कंट्रोलवर, म्हणजे वाटेत कार्डावर नोंद करायच्या थांब्यावर, गाठा. पहाटे तीनला मनोरच्या बाजूच्या एखाद्या ढाब्यावर बसा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला रायडर, चहाच्या ग्लासावर दोन्ही हात शेकत बसलेली बाई, घामाने शाई फुटलेलं ब्रेव्हे कार्ड. कार्ड हा माझा लाडका विषय. शेवटी ते नकाशासारखं चुरगळलेलं असतं.

फ्लॅश वापरत असाल तर एक सावधगिरी. त्यांच्या अंगात परावर्तक जाकीट असतं, आणि ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतं. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने जाकिटाच्या जागी नुसतं पांढरं भगदाड पडतं. फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभर लांब, बाजूला धरा. मग जाकिटातला माणूस दिसायला लागेल.

समुद्रात पोहणाऱ्यांचे?

मुंबई बंदरातलं सागरी पोहणं ही जुनी परंपरा. संक रॉक दीपगृह ते गेटवे पाच किलोमीटरची स्पर्धा असते, आणि धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटरचं अंतर आपल्याकडच्या शाळकरी पोरांनीही पार केलेलं आहे.

अडचण अशी की माणसाचं फक्त एक कोपर आणि टोपी दिसते. म्हणून सोबतच्या होडीत जागा मिळवा आणि नाखव्याला विनंती करा की पोहणारा ज्या बाजूला तोंड करून श्वास घेतो त्या बाजूला होडी ठेवावी. दुसऱ्या बाजूने तासभर बसलात तरी फक्त कानाचे फोटो मिळतील. होडीच्या कडेवर ओणवं होऊन, पाण्यापासून वीतभर उंचीवरून काढा. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळा. गेटवेचं तोंड बंदराकडे, पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळी किनाऱ्यावरून बघताना पोहणारे उन्हाच्या चकाकत्या पट्ट्यातून येतात. उजेड पाण्यासाठी मोजा, माणूस काळा होईल, तेच हवंय. बाहेर आल्यावर लगेच जवळ जाऊ नका. पाय थरथरत असतात, अंगाला ग्रीस असतं, आणि आई टॉवेल घेऊन धावत येते. आईचा काढा.

पाऊस, खारा वारा, लेन्सवर वाफ?

ऑगस्टमधली एक १० किलोमीटरची शर्यत मी टॅक्सीतल्या एसीमुळे घालवली. थंडगार कॅमेरा दमट हवेत काढला आणि लेन्स दुधासारखी पांढरी. पुसली की परत पांढरी. पंधरा मिनिटांत पहिले शंभर धावपटू निघून गेले. तेव्हापासून बॅग रात्री एसीच्या खोलीत नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. पावसात साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतात. पावसाळी शर्यती, उदाहरणार्थ ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, मला जानेवारीपेक्षा जास्त आवडतात: ओला रस्ता, दिव्यांचे तुकडे, आणि कुणीच कोरडं राहायचा आव आणत नाही. वरळी सी फेसवरून आल्यावर कॅमेरा ओलसर, पिळलेल्या कपड्याने पुसा. मीठ राहिलं तर बटणं दोन महिन्यांत करकरतात.

ड्रोन उडवू का?

परवानगीशिवाय अजिबात नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत आणि मुंबईत नौदल, विमानतळ, सगळंच जवळ. त्यावर पोलिसांचे मनाई आदेशही असतात. उंचावरून हवं असेल तर ओळखीच्या कुणाची तरी तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी गाठा. चहाही मिळतो.

ब्लॅक अँड व्हाइट करावं का?

रंग फोटोला मदत करत नसेल तर. निऑन हिरवे टी-शर्ट आणि भगवे बॅनर कधीकधी चेहरा गिळून टाकतात, तेव्हा मी करतो. फोटो फसलाय म्हणून करू नका.

तीन हजार फोटो झाले. निवडू कसे?

त्याच रात्री नको. त्या रात्री सगळे चांगले वाटतात, कारण पाय दुखत असतात. चार दिवसांनी बसा. मी आधी तीनशे ठेवतो, मग तीस, मग बायकोला दाखवतो. ती धावत नाही आणि फोटो काढत नाही. तिने ज्यावर दोन सेकंद जास्त थांबून "याचं काय झालं पुढे?" असं विचारलं, तो ठेवायचा.

फोटोचे हक्क कुणाचे? आयोजकांनी न विचारता वापरला तर?

तुम्ही स्वतःहून काढलात तर कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क तुमचा, आणि प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पण कुणी पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. हे अनेकांना उशिरा कळतं. मलाही एका आयोजकाच्या होर्डिंगवर माझाच फोटो माझ्या नावाशिवाय बघून कळलं. करार मी न वाचता सही केला होता. दोन ओळींचा का होईना, कागद करा. जाहिरातीत कुणाचा चेहरा वापरायचा तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्या. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची.

कुठले जुने फोटो बघावेत?

दोन तरी बघा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री फिनिशपाशी कोसळतो आणि पंच त्याला धरून रेषेपार नेतात. त्या मदतीमुळेच तो बाद झाला, पण फोटो त्याचाच लक्षात राहिला, विजेत्या हेजचा नाही. दुसरा १९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनचा: कॅथरीन स्वित्झर, छातीवर २६१, आणि तो नंबर ओढून काढायला धावलेला अधिकारी. ते घडलं पत्रकारांच्या गाडीच्या अगदी जवळ, म्हणून ते टिपलं गेलं. पुन्हा तेच, जागा.

फोटो काढण्यासाठी स्वतः धावायला हवं का?

हवंच असं नाही. पण एकदा तरी एकवीस किलोमीटर करा, चालत का होईना. माणूस कुठे पाण्यासाठी मान वळवतो, कुठे त्याला कुणाशी बोलायचं नसतं, हे पोटऱ्यांना कळलेलं पुस्तकातून कळत नाही. मी दोनदा हाफ धावलो. दुसऱ्यांदा जेमतेम.

जानेवारीची वाट न बघता सराव कुठे करू?

कुठल्याही रविवारी पहाटे मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, वरळी सी फेस, नॅशनल पार्क. ऑक्टोबरनंतर लोक लांब पल्ल्याचा सराव करतात, ग्रुपने येतात, रस्त्याकडेला डिकी उघडून केळी आणि मीठ-लिंबू पाणी ठेवतात. विचारून काढा आणि संध्याकाळी त्यांना फोटो पाठवा. तीन रविवारांत ते तुम्हाला ओळखायला लागतात, मग कॅमेऱ्याकडे बघायचं बंद करतात.

तुमच्याबरोबर येता येईल का?

येईल. पहाटे सव्वापाचला, गिरगाव चौपाटीच्या टोकाला. जो शेवटी येईल त्याच्याकडून सगळ्यांचा चहा. गेल्या महिन्यात दोनदा मीच दिला.